हिंदुरावाच्या तोंडातला भाडेकरू

दिवाळी ही दातांच्या डॉक्टरची सुगी असते. वसुबारसेला फराळाचे डबे उघडतात, भाऊबीजेपर्यंत त्यांचा तळ दिसतो आणि तुळशीच्या लग्नाआधी गालाला हात लावलेली माणसं माझ्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतात. कुणाचा चकलीनं टवका उडालेला, कुणाच्या दाढेत बेसन जाऊन बसलेलं, कुणाला गार पाण्याची कळ मस्तकात जातेय. मी जन्मभर सगळ्यांना एकच सांगत आले. बाबांनो, खुशाल खा, पण खाल्ल्यावर खळाळून चूळ भरा आणि दात घासल्याशिवाय अंथरुणाला पाठ टेकू नका. माना डोलवायचे सगळे. ऐकलं कुणी नाही.

मग शहाणी कीड आली आणि माझी सुगीच बसली.

कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, अक्षरं आणि आकडे. आमच्या कोरेवाडीत तिला सगळे शहाणी कीड म्हणतात आणि ते नाव चपखल आहे. मुळात दात साखरेनं किडतच नाही. दातांवर घर करून राहणारे जंतू साखर खातात आणि खाऊन झाल्यावर आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं कवच झिजतं आणि खड्डा पडतो. शास्त्रज्ञांनी ह्याच जंतूंपैकी एक उचलला, आम्ल करणारा जनुक त्याच्यातून काढून टाकला आणि दुसरा बसवला. आता तो साखर खातो तशीच, पण आम्लाच्या ऐवजी किंचित अल्कोहोल सोडतो. किंचित म्हणजे पिकून काळं पडलेल्या केळ्यात असतं तेवढं. माणसाला त्यानं झिंग येत नाही, रक्तात काही उतरत नाही. दात मात्र शाबूत राहतो.

ती तोंडात वसवायची रीत सोपी आहे. आधी दात खरवडून साफ करायचे, आठवडाभर औषधी पाण्यानं गुळण्या करायच्या आणि मग हिरड्यांवर एक थेंब लावायचा. साफसफाई आधी का, तर मोठ्या माणसाचं तोंड म्हणजे भरलेली एसटी. जुन्या जंतूंनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या असतात, नव्याला उभं राहायलाही मिळत नाही. गाडी रिकामी केली तरच तो बसणार. एकदा बसला की मात्र जन्मभर उठत नाही.

आमच्या भागात हे थेंब पहिल्यांदा मी दिले आणि त्याचा मला अभिमान आहे. पाच-सहा वर्षांत पोरांच्या तोंडातला काळा दात दिसेनासा झाला. पण लोक लोकच. कीड शहाणी झाली म्हटल्यावर ह्यांनी शहाणपण सोडलं. ब्रश गेले, चुळा गेल्या. हिरड्या सुजतील रे, तोंडाला वास येईल, असं मी ओरडत राहिले. "डॉक्टरीणबाईंचा धंदा बसला म्हणून बोलतायत," असं माझ्या पाठीमागं बोललं गेलं. तेही मला कळलं, कारण कोरेवाडीत पाठीमागं बोललेलं पुढून लवकर कळतं.

घरात सगळ्यांनी थेंब घेतला. नाही घेतला तो एकट्या हिंदुरावानं.

हिंदुराव माझा धाकटा भाऊ, ग्रामीण रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेवर चालक. तरणा असताना गळ्यात तुळशीची माळ घातली. तेव्हापासून मांस-मच्छी नाही, दारू नाही, खोटं बोलणं नाही. ह्यातलं शेवटचं फार त्रासदायक, हे त्याच्या बायकोला, कलावतीला विचारा. थेंबाचं म्हटलं तर म्हणाला, "आक्का, हायत ते जंतू मला पुरं झालं. नवं कशाला पाळू?"

"मग निदान साफ तरी करून घे," मी म्हटलं. "दिवाळी तोंडावर आलीय."

तेवढं त्यानं ऐकलं. मी त्याचे दात लखलखीत करून दिले, गुळण्यांची बाटली दिली आणि त्यानं ती इमानानं संपवली. म्हणजे गाडी मीच रिकामी करून ठेवली. त्यात कोण चढणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

चढवलं त्याच्या नातीनं. ओवी दोन वर्षांची, दिवाळीला आईबापाबरोबर पुण्याहून आलेली. तिला पहिले दात आले तेव्हाच थेंब दिलेला. आजोबावर तिचा भारी जीव, आणि जीव दाखवायची तिची एकच पद्धत. लाडू स्वतः चावायचा, चांगला चोखायचा आणि उरलेला आजोबाच्या तोंडात कोंबायचा. आमचा हिंदुराव डोळे मिटून प्रसादासारखा खायचा. वसुबारसेपासून हेच चालू होतं. बघणाऱ्याला बरं वाटायचं, मलासुद्धा.

पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे फराळाला बसलो होतो. ओवीनं दोन चिरोटे आणि अर्धा अनारसा आजोबाच्या पोटात घातला. तेवढ्यात रुग्णालयातून फोन आला. एका बाईला कळा सुरू झालेल्या, मूल आडवं, तिला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायचं होतं. हिंदुराव हातातली वाटी खाली ठेवून तसाच पळाला.

आता रुग्णवाहिकांना श्वासाचं कुलूप असतं. चालकानं नळीत फुंकायचं. श्वासात अल्कोहोल नसेल तर हिरवा दिवा लागतो आणि इंजिन सुरू होतं. एसटीला, शाळेच्या गाड्यांना थोडी सूट असते, रुग्णवाहिकेला अजिबात नाही. हिंदुरावानं फुंकलं. तांबडा दिवा. पुन्हा फुंकलं. पुन्हा तांबडा. तिसऱ्यांदा फुंकल्यावर कुलपानं गाडीच बंद करून टाकली. मागं बाई कण्हत होती. नवरा दाराशी उभा होता. त्यानं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा हिंदुरावाच्या गळ्यातल्या माळेकडं आणि म्हणाला, "दिवाळी लई लवकर सुरू केली की, माळकरी."

शेजारच्या गावची गाडी येऊन बाईला घेऊन गेली. बाई आणि बाळ दोघं सुखरूप, हे लगेच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण ती दुसरी गाडी येईपर्यंत हिंदुराव त्या बाईसमोर उभा होता, आणि त्याचं जे व्हायचं ते तेव्हाच झालं.

तो घरी आला तेव्हा गळा मोकळा होता. माळ हातात होती.

"काय झालं ते सांग तरी," कलावती म्हणाली.

"दारू सापडली माझ्या तोंडात," तो म्हणाला आणि ओसरीवर खाली बसला. "आक्का, मी घेतलेली न्हाई. तुला ठाऊक हाय."

मला ते ठाऊक होतंच. पुढचंही एका क्षणात कळलं, कारण ओवी त्याच्या मांडीवर चढून त्याच्या तोंडाशी अनारसा नेत होती. मी दवाखान्यातून फुंकायचं छोटं यंत्र आणि काचपट्ट्या आणल्या. त्याला फुंकायला लावलं, तांबडा. मग त्याच्या दातांवरचं खरवडून दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, रंगाची चाचणी केली. शहाणी कीड. दाटीवाटीनं, मजेत.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. माझं संपल्यावर त्यानं एकच विचारलं.

"म्हंजी दारू हाय की न्हाई माझ्या तोंडात?"

मी इकडचं तिकडचं बोलून बघितलं. इडलीच्या पिठात असतं म्हटलं. ताकात, केळात असतं म्हटलं.

"त्ये नकळत, आक्का. आता कळलंय. हाय का न्हाई, एवढंच सांग."

"आहे," मी म्हटलं. "किंचित आहे."

"किंचित प्यायल्याली चालती, असं माळ घालताना मला कुणी सांगितलं न्हवतं," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

मला संताप आला. त्याचा नाही, माझाच, आणि त्या शहाण्या किडीचा. पण संताप करून काय होतं? मी दुसऱ्या दिवशी सकाळीच रुग्णालयात गेले. तिथल्या वैद्यकीय अधिकारी बाई तरुण आहेत, पण डोकं ठिकाणावर असलेल्या. मी म्हटलं, दारू फुप्फुसातून येत नाही, दातावरून येते, हवं तर इथंच दाखवते. हिंदुरावाला बोलावलं. त्याला बेसनाचा लाडू खायला लावला आणि फुंकायला लावलं. तांबडा. मग माझ्यासमोर त्यानं खळाळून चुळा भरल्या, दोरा घालून दाढांमधलं काढलं, ब्रश केला, परत चूळ. फुंकलं. हिरवा. बाईंनी स्वतः खात्रीसाठी रक्तही तपासलं. साफ.

खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्या लाडवातला उरलेला तुकडा स्वतः खाल्ला. उत्तर किती साधं होतं. कीड साखरेवर जगते. दातावर साखर उरलीच नाही तर ती करणार काय? माझ्या तोंडात ती इतकी वर्षं आहे आणि मी फुंकल्यावर दिवा कधी तांबडा झाला नाही, कारण मला खाल्ल्यावर चूळ भरायची खोड आहे. लोकांचे ब्रश सुटले होते म्हणून हे झालं. कोरेवाडीत आणखी कितीजण असे भट्ट्या घेऊन फिरत असतील कोण जाणे.

"उद्यापासून कामावर या," अधिकारी बाई हिंदुरावाला म्हणाल्या.

"येतो," तो म्हणाला. "सरकारचं मिटलं. माझं मिटायचं हाय."

बाहेर आल्यावर मी त्याच्यावर डाफरले. हिरवा दिवा बघितलास ना, आता कशाचं मिटायचं?

"हिरवा म्हंजी अजिबात न्हाई, का यंत्राला दिसत न्हाई इतकी?"

हा माणूस ड्रायव्हर झाला म्हणून, नाहीतर माझ्या विषयाचे परीक्षक ह्याला टरकून असते. "यंत्राला दिसत नाही इतकी," मी म्हटलं.

मग दुसरा रस्ता होता तो मी सांगितला. तोंड पुन्हा रिकामं करायचं. जालीम गुळण्या करायच्या, चव जाते, जीभ सोलवटते, पण कीड जाते. आणि ती गेल्यावर जुने जंतू परत जागा धरेपर्यंत, म्हणजे वर्षभर तरी, ओवीचं उष्टं तोंडात जाता कामा नये. तिचा पापा नाही, तिची वाटी नाही, तिचा हात तोंडाजवळ नाही. लहान पोर, आणि त्यात ही पोर, म्हणजे तिला जवळच येऊ द्यायचं नाही.

"दे बाटली," तो म्हणाला.

बाटली घेऊन तो घरी गेला आणि ओवीपासून लांब राहू लागला. जेवायला गोठ्यात बसला. ती "आबा, आबा" करत मागं गेली तर हा कडबा सारखा करायच्या निमित्तानं पाठ फिरवायचा. पोरीला काय कळणार माळ आणि कीड? तिनं दोनदा हाक मारली, मग दाराशी बसून हातातला लाडू स्वतःच खाल्ला, न हसता. कलावती माझ्यावर उखडली. "वन्सं, तुमच्या शास्त्रानं माझ्या घरातलं माणूस तोडलं." त्या घडीला ते खरं होतं.

त्याच दिवशी भाऊबीज. संध्याकाळी मी ओवाळणीचं ताट घेऊन त्याच्याकडं गेले. तो पाटावर बसला होता, शेजारी ती बाटली. अजून उघडलेली नव्हती. "आज सुरू करतो," तो म्हणाला. "ओवाळून घे आधी."

मी ओवाळलं. करंजी द्यायला हात पुढं केला तर ओवी मध्येच आली. कलावतीनं तिला धरून ठेवलं होतं, पण दोन वर्षांच्या पोरीला धरून ठेवणं म्हणजे पाण्यातला मासा धरणं. तिनं माझ्या हातातली करंजी ओढली, एक लचका तोडला आणि उरलेली हिंदुरावापुढं धरली. पण ह्या वेळी कोंबली नाही. नुसती धरली आणि त्याच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. एका दिवसात पोर विचारायला शिकली होती.

हिंदुरावानं बाटलीकडं बघितलं. मग त्यानं तोंड उघडलं आणि करंजी खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यानं पुसलं नाही.

"न्हाई जमत, आक्का," तो म्हणाला. "माळ जाऊंदे. हिचा हात मागं सारून गळ्यात माळ ठेवायची, तर ती माळ मला टोचंल."

त्यानं तोंड धुतलं, टोपी घातली आणि माळ हातात घेऊन देवळाकडं निघाला. ज्यांच्या हातून घेतली त्या निवृत्तीबुवांना परत द्यायला. मीही निघाले. मला बुवांशी भांडायचं होतं. ओवी तिच्या आजीच्या कडेवर बसून आमच्या मागं आली, कारण तिला मागं ठेवायची आता कुणाची छाती नव्हती.

देवळात भजनी मंडळ जमलेलं होतं, अजून टाळ वाजायचे होते. निवृत्तीबुवा खांबाला टेकून बसले होते. वय झालेलं, तोंडात मोजके दात, नजर मात्र तिखट. हिंदुरावानं सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, आणि माळ त्यांच्या पायाशी ठेवली. मी भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात बुवांनी हात वर केला.

"हिंदुराव, दारू कोण गाळतंय?"

"ती कीड, बुवा."

"तिनं माळ घातलीया का?"

"न्हाई."

"मग तिचं पाप तुझ्या गळ्यात कशापायी?"

"पर ती माझ्या तोंडात ऱ्हाती की. माळकऱ्याच्या घरात भट्टी लागलीया, बुवा. मालकानं हात वर करून कसं चालंल?"

मंडळातलं कुणीतरी खाकरलं. "म्हंजी भाडेकरू म्हणायचा," बुवा म्हणाले. "भट्टी लावणारा भाडेकरू. त्याला बाहेर काढता येत न्हाई?"

"काढला तर नातीला जवळ घेता येत न्हाई. आणि ते मला जमत न्हाई. माळ द्यायला आलो ते त्याच्यामुळंच."

बुवा माझ्याकडं वळले. "डॉक्टरीणबाई, भट्टीला माल कुठनं मिळतो?"

"दातांवर राहिलेल्या गोडातून," मी म्हटलं.

"आणि ते ऱ्हायलंच न्हाई तर?"

"तर उपाशी बसते. मरत नाही, थुंकीतलं इकडचं तिकडचं खाऊन जगते. पण गाळायला काही उरत नाही. अगदी शून्य म्हणणार नाही मी. यंत्राला दिसत नाही इतकं."

"यंत्राला दिसत न्हाई तेवढ्याचा हिशोब देवाला करू दे. तेवढं काम त्येलाबी असावं." बुवांनी माळ उचलली. "हिंदुराव, भाडेकरू नातीनं आणून ठिवलाय, ऱ्हाऊंदे. त्याला उपाशी ठेवायचं काम तुझं. आजपासनं ह्या माळंची एक अट वाढली. गोड तोंडात गेलं की त्याच पावली उठायचं आणि तोंड धुवायचं. बरोबर माणसं असोत, पंगत असो, कीर्तन असो. धुतल्याबिगर दुसरं काम न्हाई. कबूल?"

"कबूल," हिंदुराव म्हणाला.

बुवांनी माळ त्याच्या गळ्यात घातली. कलावतीनं ओवीला खाली सोडलं आणि पदरानं डोळे टिपले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "वन्सं, मघाशी जास्त बोलले." मी तिचा हात दाबला.

मंडळात मात्र चुळबुळ सुरू झाली होती. पखवाजवाल्यानं भीत भीत विचारलं, "बुवा, माझ्याबी नातवंडांनी थेंब घेतलाय. आणि डॉक्टरीणबाईंच्या शिबिरात आमचं समद्यांचं दात साफ केलं हुतं. आमच्या तोंडात असंल तर?"

हे शिबिर मी दसऱ्याच्या सुमाराला घेतलं होतं, फुकट, मोठ्या हौसेनं. मी देवाकडं बघितलं.

"मग अट समद्यांना," बुवा म्हणाले. "मलाबी."

भजन झालं, पेढ्याचा प्रसाद वाटला आणि मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. भजनी मंडळातला एकेक माळकरी प्रसाद खाऊन उठला आणि देवळामागच्या नळावर रांगेत उभा राहिला. बुवा सगळ्यात पुढं. कुणी बोटानं हिरड्या चोळतोय, कुणी गाल फुगवून पाणी खेळवतोय, खळाळ नुसता. मी घसा कोरडा पडेपर्यंत हे सांगत आले, तक्ते लावले, शाळांतून भाषणं दिली. एकानंही ऐकलं नाही. बुवांनी एकदा सांगितलं आणि सगळं गाव तोंड धुवायला लागलं. खरं तर मला राग यायला हवा होता. मी त्या नळापाशी उभी राहून वेड्यासारखी हसत होते.

तेवढ्यात हिंदुरावाचा फोन वाजला. वरच्या वस्तीवर एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. कामावर उद्यापासून यायचं होतं, पण दुसरा चालक बहिणीकडं परगावी गेलेला. हिंदुराव "आलो" म्हणाला, पण धावत सुटला नाही. रांगेतल्यांनी बाजूला होऊन त्याला नळ मोकळा करून दिला. त्यानं खिशातला नवा ब्रश काढला, नेटानं दात घासले, चुळा भरल्या आणि मगच पळाला. रुग्णालय देवळाच्या समोरच. आम्ही सगळे कठड्याशी उभे राहिलो. त्यानं दार उघडलं, नळी तोंडाला लावली, फुंकलं.

हिरवा. इंजिन सुरू झालं.

गाडी वळताना त्यानं काच खाली घेतली. मला वाटलं, काहीतरी मनातलं बोलेल, निदान हात तरी करेल. पण त्याचं लक्ष नळाकडं होतं. तिथं ओवी ओंजळीनं तोंडात पाणी भरत होती, गाल फुगवत होती आणि सगळं घटाघटा पिऊन टाकत होती.

"आक्का," तो ओरडला, "तिला आधी थुकायला शिकव."